लिंक पाठवून मन तयार होत नाही

प्रति,
निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राचे व्यवस्थापन आणि निवड समितीचे सदस्य,
पुणे

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपण काढलेले परिपत्रक आमच्या हाती आले. खेळाडूंचे 'मानसिक सक्षमीकरण' यापुढे पूर्णपणे ऑनलाइन होणार. दर शुक्रवारी रात्री आठला दीडशे जणांना एकच लिंक जाणार, अशी बारा व्याख्याने होणार, दर महिनाअखेर एक प्रश्नावली सक्तीने भरून घेतली जाणार आणि तिचे गुण निवडीच्या फाइलला जोडले जाणार. मैदानावर दर आठवड्याला येणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या फेऱ्याही याच कागदाने बंद झाल्या.

हे पत्र लिहिणारे आम्ही क्रीडा मानसशास्त्र, प्रशिक्षण आणि फिजिओथेरपी या क्षेत्रांत काम करतो. शुक्रवारी रात्री ज्यांना लिंक जाते, ती मुलेमुली शनिवारी सकाळी रेंजवर, मॅटवर, ट्रॅकवर आमच्यासमोर उभी असतात. रात्री जे बिघडेल ते सकाळी आमच्याच पदरात पडणार. आम्ही दोनदा लेखी कळवले. पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे, पालकांनीही ते वाचावे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. आमचा विरोध ऑनलाइनला नाही. संध्याकाळी कात्रजहून बालेवाडीला पोहोचायला किती वेळ लागतो ते पुणेकरांना सांगायला नको. खेळाडू शिबिरासाठी पतियाळाला गेला, स्पर्धेसाठी परदेशी गेला, तरी ज्याच्याशी त्याचे सूर जुळलेत त्याच माणसाशी त्याला बोलता येते, ही फोनची मोठी सोय आहे. चिंता आणि उदासी यांवरचे ऑनलाइन कार्यक्रम नीट चालवले तर उपयोगी पडतात, हेही संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. मात्र त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट तितकीच ठळक आहे: पलीकडे कुणीतरी वाचणारे, उत्तर देणारे माणूस असेल तर लोक शेवटपर्यंत टिकतात आणि फरकही पडतो. नुसते व्हिडिओ दिले तर बरेच जण अर्ध्यातच सोडून देतात. आपण निवडला आहे तो हा दुसरा प्रकार, वर ८० टक्के हजेरीची अट. या अटीमुळे फोन चालू राहील. त्या वेळी खेळाडू कपडे धूत असेल.

आता आक्षेप.

१. प्रश्नावलीचे गुण निवडीच्या फाइलमध्ये

सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. बाकी सगळे सुधारले आणि एवढेच राहिले, तरी योजना फुकट जाईल.

आपल्या प्रश्नावलीतले पहिले दहा प्रश्न आम्ही ओळखतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञगटाने खेळाडूंच्या मानसिक आरोग्यासाठी जे तपासणी साधन बनवले, एसएमएचएटी-१, त्याची पहिली पायरी म्हणजे हे दहा प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज १० ते ५० च्या मधे कुठेतरी. १७ किंवा त्याहून जास्त आली की दुसरी पायरी: चिंता, उदासी, झोप, दारू, इतर नशा आणि खाण्यापिण्याच्या सवयी यांवरच्या वेगळ्या प्रश्नावल्या. तिथे काही आढळले तर तिसरी पायरी, म्हणजे तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष तपासणी. मदत कुणाला लागणार आहे ते शोधायची ही चाळणी आहे. आपण त्या चाळणीचा तराजू केलात.

याने काय होईल ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. संघात जागा हवी असलेला प्रत्येक जण दहाही प्रश्नांना 'कधीच नाही' लिहील. हॉस्टेलमधली मोठी मुले लहानांना तसे शिकवतील, बहुधा शिकवलेही असेल. तीन आठवडे झोप न लागलेली मुलगी १० गुण दाखवेल आणि खरे लिहिणारा एखादा भोळा मुलगा २२ गुणांनिशी बाहेर बसेल. वर्षाअखेरीस सगळ्यांचे आकडे उत्तम आलेले असतील आणि ते अहवालात योजनेचे यश म्हणून छापले जातील.

मोजायची वेळही पाहिली पाहिजे. कुस्तीगीर स्पर्धेपूर्वीच्या वजन-तपासणीआधीच्या चार-पाच दिवसांत अर्धपोटी असतो, शेवटच्या दिवशी पाणीही मोजून पितो. तेव्हा तो चिडचिडा असतो, झोप तुटक असते, कशात मन लागत नाही. त्या आठवड्यात भरलेली प्रश्नावली भूक मोजते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅमने बाद झाली, ते सर्वांनी पाहिले. वजनाचा ताण काय असतो हे निवड समितीला वेगळे सांगावे लागू नये. मूळ साधनात वेळा दिलेल्या आहेत: हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर, शेवटी, आणि याशिवाय दुखापत, शस्त्रक्रिया, अकारण घसरलेली कामगिरी, छळाचा संशय, खेळ सोडण्याची वेळ अशा प्रसंगी. 'दर महिन्याच्या ३० तारखेला' असे त्यात कुठेही नाही. फेब्रुवारीत काय करणार, हा प्रश्न आम्ही सोडून देतो.

आपल्याच परिपत्रकात गेल्या वर्षीच्या पदकविजेत्यांना प्रश्नावलीतून सूट आहे. का? २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकल्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल अभिनव बिंद्रा जाहीरपणे बोलले आहेत. पदक मिळाले म्हणजे माणूस ठणठणीत, हे समीकरण कुणी मांडले?

२. अकराव्या पानावरचा प्रश्न

प्रश्नावलीच्या अकराव्या पानावर उदासीची नऊ प्रश्नांची यादी आहे. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दलचा आहे. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरे कोणतेही उत्तर आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी प्रशिक्षित माणसाने खेळाडूशी बोलायचे असते. आपला फॉर्म रात्री अकराला भरला जातो आणि कार्यालयातला कर्मचारी तो सोमवारी दुपारी एक्सेलमध्ये उतरवतो. मधल्या रात्री कुणाच्या? उत्तर वाचायला माणूस नसेल तर तो प्रश्न विचारूच नये. विचारायचा असेल तर फॉर्मच्या त्याच पानावर केंद्रातील जबाबदार व्यक्तीचा क्रमांक आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठळक छापावा. तिथे मराठीतूनही बोलता येते.

३. व्याख्यान म्हणजे तालीम नव्हे

चिंचेच्या तालमीत किंवा गोकुळ वस्ताद तालमीत कुणी फळ्यावर ढाक डाव शिकवला असता, तर वस्तादांनी त्याला मातीत उतरवून विचारले असते, आता मार. मनाच्या कौशल्यांचेही तसेच आहे. ती अंगात मुरावी लागतात, आणि त्या-त्या खेळाच्या कपड्यांत, त्या-त्या खेळाच्या घड्याळावर मुरावी लागतात.

श्वासाचेच घ्या. आपल्या दुसऱ्या व्याख्यानात सगळ्यांना एकच सूचना आहे: 'खोल श्वास घ्या.' नेमबाज मुलगी घाबरून भराभर मोठे श्वास घेते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोके हलके होते आणि बोटांना मुंग्या येतात. ट्रिगरवर असते ते हेच बोट. खरी सूचना 'सावकाश श्वास' अशी आहे: सुमारे चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला साधारण सहा, छाती न फुगवता. पहिला आठवडा आडवे पडून दिवसातून दोनदा पाच मिनिटे, मग बसून, मग जॅकेट चढवून फायरिंग पॉइंटवर, आणि शेवटी जिना दोनदा चढउतार करून, धडधड असताना. रायफलवाल्यांचा शॉट उच्छ्वासानंतरच्या नैसर्गिक विरामात सुटतो. श्वासाची लय बदलली तर होल्डची, म्हणजे रायफल स्थिर धरून ठेवण्याची, वेळ बदलते, म्हणून हे काम कोचला शेजारी बसवूनच करायचे. मानसशास्त्रज्ञाने एक सांगितले आणि कोचने दुसरे, तर नुकसान खेळाडूचे.

हीच सूचना कुस्तीगिराला निरुपयोगी आहे. सीनियर गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे ३० सेकंद. पहिल्या फेरीनंतर त्याचा श्वास मिनिटाला ४० च्या वर गेलेला असतो. त्याला 'मिनिटाला सहा' सांगणे म्हणजे चेष्टा. पहिली वीस सेकंद शरीराला हवा तसा श्वास घेऊ द्यायचा, पाणी, टॉवेल. शेवटच्या दहा सेकंदांत दोनदा लांब उच्छ्वास आणि कोपऱ्यातून एकच शब्द, आठवडाभर ठरवून घोटलेला. तिरंदाजाचे गणित आणखी वेगळे: वैयक्तिक लढतीत आळीपाळीने बाण सोडताना एका बाणाला २० सेकंद. तिघांना एका लिंकवर बसवून काय शिकवणार?

नेमबाजीत हमखास बिघडते ती एक जागा जवळून दाखवतो. १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० शॉट आणि ७५ मिनिटे, म्हणजे शॉटला सरासरी ७५ सेकंद. वेळ मुबलक आहे. तरीही स्पर्धेत खेळाडू रायफल खाली घेत नाही. होल्ड डळमळला, आठ-दहा सेकंद उलटली, तरी 'आता सुटेल, आता सुटेल' करत ट्रिगर दाबतो आणि ९.४ असा कमी गुण लागतो. सरावात हाच खेळाडू अशा वेळी शॉट न मारता रायफल खाली घेतो. स्पर्धेत का नाही? शेजारच्या लेनचा वेग दिसतो, मागे कोच उभा असतो, आणि रायफल खाली घेणे म्हणजे घाबरल्याची कबुली असे वाटते. यावर व्याख्यान चालत नाही. कोचने मागे बसून वहीत काड्या मारायच्या: सरावाच्या ६० शॉटमध्ये रायफल किती वेळा खाली आली, निवड चाचणीत किती वेळा. सरावात बारा आणि चाचणीत दोन, असा फरक दिसला की काम कुठे करायचे ते कळले. मग आठवडाभर रोज दहा शॉट असे, ज्यात मुद्दाम तीनदा रायफल खाली घ्यायची, कितीही छान होल्ड असला तरी. खाली घेणे सवयीचे झाले की त्याची लाज जाते. मानसशास्त्रज्ञाने हे रेंजवर एकदा डोळ्यांनी पाहिले, तर पुढचे सहा आठवडे फोनवर चालते. एकदाही पाहिले नाही, तर नाही चालत.

पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवे, उभे) ४५१.४ गुणांनी कांस्य घेतले, तेव्हा शेवटचा टप्पा उभ्या स्थितीचा होता. सर्वांत डळमळीत स्थिती ती, आणि एकेक जण बाद होत जातो तोही त्याच टप्प्यात. तिथे खेळाडूच्या हाताशी असतो तो हजारो वेळा घोटलेला, चार-पाच पावलांचा स्वतःचा क्रम.

चौथ्या व्याख्यानातली 'नकारात्मक विचार मनात येऊच देऊ नका' ही ओळ तर काढूनच टाका. औषध घेताना माकड आठवायचे नाही, ही गोष्ट मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे. विचार दाबला की तो उसळतो. शिकवायचे असते ते असे: 'हरेन' हा विचार आला, आला तर आला, आता नजर कुठे, पाय कुठे, पुढचे पाऊल कोणते.

डोळ्यांसमोर चित्र आणण्याच्या सरावाचेही तेच. रात्री गादीवर पडून समुद्रकिनारा पाहायला सांगितले की दिवसभर दमलेली मुले झोपतात. झोप चांगलीच, पण त्याला सराव म्हणू नका. उभे राहून, किट घालून, हातात साधन घेऊन, खऱ्या वेळेइतक्याच वेळात तो करायचा. कुणाला पुन्हा पुन्हा चुकलेला शॉटच दिसत असेल तर तिथेच थांबवून तुकडा लहान करायचा, फक्त पायांची ठेवण, फक्त गालाचा आधार. आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओला समोरच्याला काय दिसतेय ते कळत नाही.

आणि वेळापत्रक. आपले पाचवे व्याख्यान निवड चाचणीच्या आठवड्यात येते आणि त्यात नवे तंत्र आहे. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे काहीही नवे द्यायचे नसते. जी हालचाल आपोआप होते तिच्यावर खेळाडू लक्ष ठेवू लागतो आणि तीच अडखळते.

४. भाषा

व्याख्याने इंग्रजीत, उपशीर्षके हिंदीत, प्रश्नावली यंत्राने केलेल्या मराठीत. चिंतेच्या यादीतल्या एका प्रश्नाचे भाषांतर 'काठावर असल्यासारखे वाटणे' असे झाले आहे. निवडीच्या काठावर असलेला खेळाडू याला प्रामाणिकपणे 'रोज' म्हणणार! मराठीत पारखून न घेतलेल्या प्रश्नांवर मूळ भाषेतली १७ ची रेघ मारता येत नाही. स्पर्धेत स्वतःला आठवण द्यायचे छोटे संकेतशब्दही खेळाडूच्या बोलीतलेच टिकतात. बीडच्या धावपटूला 'खांदं सोड' हे दोन शब्द शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आठवतात, 'रिलॅक्स युवर शोल्डर्स' नाही.

५. वय

हे तपासणी साधन १६ वर्षे आणि त्यापुढच्या खेळाडूंसाठी आहे, आणि ते वापरायचे डॉक्टर किंवा परवानाधारक आरोग्य व्यावसायिकांनी. आपल्या हॉस्टेलमध्ये बारा-तेरा वर्षांची मुले आहेत. त्यांच्या पालकांची संमती कुणी घेतली? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम २३ मानसिक आजार आणि उपचारांबद्दलच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क देते. आपली एक्सेल फाइल चार जणांच्या व्हॉट्सअॅप गटात फिरते.

६. जागा

एका खोलीत चौघे, वायफाय फक्त कॉरिडॉरच्या टोकाला. मेस साडेआठला बंद होते आणि लिंक आठला सुरू होते. वैयक्तिक बोलणे करायचे तर मुली गच्चीच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीशेजारी बसतात आणि कुणी वर आले की 'हो', 'नाही', 'बरंय' एवढ्यावर येतात. दार लागेल अशी एक खोली, एक पंखा, दोन खुर्च्या आणि नीट चालणारे इंटरनेट, एवढ्यावर हे भागते.

आमच्या मागण्या अशा:

अ) प्रश्नावलीचे गुण निवड प्रक्रियेतून ताबडतोब काढावेत आणि आजवर जमलेली माहिती फाइलींतून, गटांतून नष्ट करून तसे लेखी कळवावे. पुढची उत्तरे फक्त मानसशास्त्रज्ञ आणि केंद्राचे डॉक्टर यांनाच दिसावीत. कोचला हवे असेल तर गटाचे एकत्रित चित्र द्यावे, तेही दहापेक्षा लहान गटाचे नको, नावे ओळखू येतात. गुप्ततेचे अपवाद आधीच सांगावेत: जिवाला धोका, आणि १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती, जी पॉक्सो कायद्याने कळवावीच लागते.

आ) दहा आठवड्यांचा कार्यक्रम ठेवावा. सुरुवातीला मानसशास्त्रज्ञाने एक पूर्ण सराव आणि एक चाचणी मैदानावर येऊन पाहावी. नंतर आठवड्याला एकाच खेळातील जास्तीत जास्त आठ जणांचे ४० मिनिटांचे थेट ऑनलाइन सत्र, प्रत्येकाशी १५ मिनिटे स्वतंत्र बोलणे, आणि रोज दहा मिनिटांचा सराव, सराव वेळापत्रकात लिहून, जेवणाच्या वेळेत नव्हे. पाचव्या आणि नवव्या आठवड्यात पुन्हा प्रत्यक्ष भेट. नववा आठवडा दबावाखालच्या सरावाचा: स्कोअर जाहीर, मुद्दाम वीस मिनिटे उशीर, स्पीकरवर गोंगाट. गणपतीच्या आधी असेल तर नदीपात्राजवळ नेले तरी पुरे, ढोल पथके फुकटात काम करतील. दहाव्यात नवे काही नको, घोटलेलेच पुन्हा.

इ) कौशल्ये शिकवणारा आणि आजार ओळखणारा ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ हवेत आणि त्यांच्याकडे पाठवण्याची वाट लेखी ठरलेली हवी: कुणी फोन करायचा, किती तासांत, रात्री कोण. प्रेरणादायी वक्ते स्नेहसंमेलनाला बोलवा.

ई) सगळे साहित्य मराठीत, खेळाडूंच्या एका लहान गटाकडून वाचून घेऊन, अडलेले शब्द बदलून. १६ वर्षांखालच्यांसाठी वेगळी, वयाला साजेशी पद्धत, पालकांच्या संमतीने.

उ) हजेरीची ८० टक्क्यांची अट आणि तिला जोडलेली विद्यावेतन कपात रद्द करावी. योजनेचा उपयोग पाहायचाच असेल तर खेळाडूने रोजचा सराव किती दिवस केला, स्वतःहून बोलायला किती जण आले आणि सराव-स्पर्धा यांतला फरक किती घटला, हे पाहावे.

ऊ) केंद्रात दार लागणारी एक खोली द्यावी.

यातली पहिली आणि शेवटची मागणी पूर्ण करायला निधी लागत नाही, एक सही आणि एक कुलूप पुरते. पुढची निवड चाचणी होण्याआधी पहिल्या मागणीचे सुधारित परिपत्रक निघावे, मराठीत आणि एका पानात. म्हणजे ते मेसच्या बाहेरच्या फळ्यावर लावता येईल.

कळावे,

पुण्यातील काही क्रीडा मानसशास्त्रज्ञ, प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट